मुंगीला आजीच साथीला हवी

बुधवार, ता. १४

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझं काम कसं चाललंय? नवीन जागेत पाण्याची गैरसोय होती, ती मिटली का? पाणी उकळून पीत जा. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. पत्र बघून घाबरू नकोस. फोन तुझ्या आईच्या खुर्चीशेजारी असतो, म्हणून लिहायला बसलो. सातवी शिकलेल्या माणसाचं पत्र आहे, चुका सांभाळून घे.

तुझी लेक मुंगी तुझी बदली झाल्यापासून आमच्याकडे आहे, ती मजेत आहे. जेवते, पण भाज्या निवडून ताटाच्या कडेला लावते. व्हायोलिन रोज वाजवते. आधीचं पुस्तक संपलं. आता पियानोच्या साथीने वाजवायचं पुस्तक चालू आहे. त्यातली एक संथ चीज कार्यक्रमासाठी घेतली आहे. व्हायोलिनच्या बाई तिला म्हणत, "सूर बरोबर लागतायत गं, पण तू पत्ता सांगितल्यासारखं वाजवतेस. जरा थांब, श्वास घे, मग गज ओढ." मुंगी घरी येऊन म्हणायची, "आजोबा, श्वास तर मी घेतेच की! नाहीतर मेले नसते का?"

साथीला पियानोवर तुझी आई असते. मी शेजारी स्टुलावर बसून पान उलटतो. मला त्यातलं काही वाचता येत नाही. तुझ्या आईने मान हलवली की मी उलटायचं, एवढंच. कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. हॉलमध्ये पंखे बंद ठेवतात म्हणे, कागद उडतात म्हणून. तुझ्या आईला उकाडा सोसत नाही. मला त्याचीच काळजी लागली आहे.

नाही, त्याची नाही. थोडं पाणी पिऊन आलो, आता लिहितो.

त्या चिजेचं पहिलं पान दोनदा वाजवायचं असतं. पानाच्या शेवटी तशी खूण आहे, उभ्या रेघा आणि दोन टिंबं. एकदा मागे जायचं, पुन्हा शेवटाला आलं की पान उलटायचं. गेल्या महिन्यात एके दिवशी मी हात तयार ठेवून बसलो होतो आणि मान हललीच नाही. तुझी आई पुन्हा वर गेली. मला वाटलं, सराव असेल. मग परत वर गेली. आपण एकदा मागे जाऊन आलोय, हेच ती विसरत होती. आणि मुंगी गुपचूप तिच्यामागे जात होती. आजी जिथे, तिथे मुंगी. शेवटी मीच न राहवून पान उलटलं, तेव्हा दोघी पुढे सरकल्या.

मग हे रोजचंच झालं. मी डोकं चालवलं. खूणच दिसली नाही तर ती मागे जाणार नाही, हो ना? दुपारी ती झोपली असताना चिकटपट्टीचे तुकडे कापले आणि दोन टिंबं दिसतील तिथे तिथे लावले. ती तर प्रत्येक ओळीला निघाली! पान घाईत दाढी करून जागोजागी पट्ट्या लावलेल्या गालासारखं दिसायला लागलं. मुंगी बघून जमिनीवर लोळायची बाकी राहिली. "आजोबा, ही डाव्या हाताच्या ओळीची खूण आहे! सगळीकडे असतेच ती!"

हसण्याने तुझी आई उठून आली. तीही हसली, अगदी पदर तोंडाला लावून. मग हसता हसता थांबली. मुंगीला खेळायला पाठवलं आणि मला म्हणाली, "अहो, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

मी चिकटपट्टीचं रिळ खिशात घातलं.

"मला वाटत होतं, तुमच्या लक्षात आलं नसेल." मग नखाने एकेक पट्टी सोडवत बसली, पान न फाटता. "ताईला कळवायचं नाही. ती नोकरी टाकून धावत येईल. कबूल?" मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे वचन नव्हे, असं मी आता मनाशी ठरवलं आहे. तू काय ते समजून घे.

काल क्लासमध्ये तालीम होती. बाई आणि दोघा-तिघांचे आईवडील बसले होते. तुझी आई परत परत मागे गेली, मुंगीही गेली. मी पान उलटलं तरी ती पहिलंच पान आठवणीने वाजवत राहिली. शेवटी बाईंनी पियानोवर हात ठेवला. तुझ्या आईने विचारलं, "संपलं का?" तिचा चेहरा मला बघवेना.

मुंगी म्हणाली, "नाही आजी, माझंच चुकत होतं. मलाच पुन्हा घ्यायचं होतं."

निघताना बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, पोरगी फार सुंदर वाजवायला लागलीय. आता ती ऐकते, थांबते. पण कार्यक्रमाला साथीला दुसरं कोणीतरी बघावं लागेल." मुंगीने ते ऐकलं. "आजी नसेल तर मी गज तारेला लावणार नाही," म्हणाली आणि चपला घालून पुढे चालू लागली.

ताई, माझ्याने आता हे एकट्याने होत नाही. मुंगीला समजावू, की बाईंना विनवू, की तुझ्या आईला सांगू, तू बसू नकोस म्हणून? कोणत्या तोंडाने सांगू? डॉक्टरकडे चल म्हटलं तर विषय बदलते. परवा दूध गॅसवर ठेवून बाहेर गेली, तेही तुला सांगणार नव्हतो. तुला ही पियानोची पानं वाचता येतात. तिच्या शेजारी बसून कुठे जायचं ते तू तिला दाखवू शकशील. मला तेवढंही येत नाही.

आत्ताच तिने आतून हाक मारली, "कोणाला लिहिताय एवढं?" म्हटलं, ताईला, कार्यक्रमाचं कळवतोय. म्हणाली, "मी बरी आहे म्हणून लिहा."

तर आई बरी आहे. हे वाक्य तिचं.

माझं एवढंच, की तू ये.

तुझा,
थकलेला बाबा