माझे ओट्स आणि हरणांची नियत

१० ऑगस्ट
ठरलं. यंदा घरामागच्या तुकड्यात हरणांसाठी ओट्स पेरायचे. नोव्हेंबरात शिकार सुरू होईल तेव्हा हरणं आपण होऊन जेवायला येतील आणि मी मचाणावर तयार असेन. सासऱ्यांच्या शिकारीच्या खोपीतला कायदा असा की, ज्याला हरीण मिळत नाही त्याने सगळ्यांची भांडी घासायची. लग्न झाल्यापासून मीच घासतोय. यंदा शेजारीच राहणारा मेहुणा व्हर्न घासेल. बायकोला, जॉइसला सांगितलं. ती म्हणाली, बरं.

१७ ऑगस्ट
बियाणं निवडणं सोम्यागोम्याचं काम नाही. दुकानातला ऑरव्हिल म्हणाला, "साधे ओट्स ने रे लाइल, हरणं काय पिशवी वाचतात?" त्याला काय कळतंय! मी रुंद पानांचं, थंडीला दाद न देणारं, भारीतलं घेतलं. पिशवीवर दणकट शिंगांचा नर आहे.

२४ ऑगस्ट
चुना टाकला, माती भुसभुशीत केली, पेरलं. बी वर राहू नये म्हणून पिकअप त्यावरून फिरवली. पाठीचं धिरडं झालं. कष्टाला पर्याय नाही.

९ सप्टेंबर, संध्याकाळ
उगवले! इतकं हिरवं या गावात कुणी पाहिलं नसेल. डोळे भरून आले.
आणि आत्ताच दोन माद्या पिल्लांसकट येऊन शेंडे खाऊन गेल्या. लाजच नाही! जॉइस म्हणाली, "अरे, पण त्यांच्यासाठीच पेरलेत ना?" तिला शेतीतलं कळत नाही. नोव्हेंबरपर्यंत उरायला नकोत का?

१४ सप्टेंबर
हरणं फिरकू नयेत म्हणून उग्र वासाचे साबण झाडांना टांगले. न्हाव्याकडून पोतंभर केस आणून बांधावर पसरले. रोज पातेलं बडवत एक फेरी. शेजारी हात करतात. मीही करतो.

२० ऑक्टोबर
गुडघाभर वाढ. एक पान कुरतडलेलं नाही. फोटो व्हर्नला पाठवला. त्याचं उत्तर: "हरणं कुठायत?" जळतोय मेला.

२२ नोव्हेंबर
साबण काढले, केस वेचले. आता यायला मोकळीक आहे. उद्या पहिला दिवस. बंदूक पुसली, शिकारीचं नारिंगी जाकीट दारात टांगलं. व्हर्नने काहीच पेरलेलं नाही. कीव येते.

२३ नोव्हेंबर, दुपार
उजाडल्यापासून मचाणावर. ओट्स वाऱ्यावर फार सुंदर डुलत होते. बाकी कुणी आलं नाही.
नऊ वाजता व्हर्नच्या बाजूने एकच बार. भला मोठा नर, त्याच्या शेडमागे.
खोपीत सगळे त्याची पाठ थोपटत होते. मी म्हटलं, थांबा. एवढी चरबी कशावर चढली? माझ्या ओट्सवर! म्हणजे निम्मं हरीण माझं, आणि भांड्यांचा पुन्हा विचार व्हावा. पोट फाडून बघा, मीच म्हटलं. खोपीत तसा रिवाजच आहे. सासऱ्यांनी सुरी घेतली.
ओट्सचं एक पान नाही. नुसता नारिंगी लगदा आणि भोपळ्याच्या बिया.
जेवण घेऊन आलेली जॉइस वाकून बघत म्हणाली, "अय्या, हे तर आपले हॅलोविनचे भोपळे! कुजायला लागले म्हणून मीच टाकले की व्हर्नच्या शेडमागे."
सासऱ्यांनी लेकीला जवळ घेतलं. चांगला मांसाचा तुकडा तिच्या नावाने बाजूला ठेवला.
व्हर्न आत्ताच मोरीत डोकावून गेला. म्हणाला, कढई अजून चिकट आहे.
नाहीये.