आर्नफिनचा बायनॉक्युलर

स्टोर्वीक,
ता. ३० नोव्हेंबर १९८६

ती. सिगमूंडदादास,

तोर्दिसचा शि. सा. न. इकडे ठीक. सूर्य काल मावळला, तो आता जानेवारीतच उगवायचा.

कामाचं लिहिते. मासळीच्या कारखान्यातल्या बायका मला नाताळाला काहीतरी घेऊन देणार आहेत. मूर्खपणा माझाच. जेवणाच्या सुट्टीत मी रोज घरी पळते आणि खिडकीशी उभी राहते, ते गुनवोरनं पाहिलं. काय बघतेस गं, म्हणून मागेच लागली. तिचं तोंड बंद करायला म्हटलं, तारे बघते. झालं. आता बायनॉक्युलर हवा की छोटी दुर्बीण, ते दहा तारखेच्या आत सांग म्हणतात. मुकादम म्हणतो, दुर्बीण घे, शनीची कडी दिसते. गुनवोर म्हणते, त्याला पोटापुढे स्वतःचे बूट दिसत नाहीत, त्याचं काय ऐकतेस.

तारेबिरे मी बघत नाही. खाडीचं तोंड बघते. संसार अर्ध्यावर टाकून आर्नफिन होडीसकट गेला त्याला फेब्रुवारीत वर्ष होईल. तो यायचा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी बारा वाजले की पाय निघतात. रडू येत नाही, रागही येत नाही. पुन्हा उशिरा आलीस तर दुसरी बाई बघू, असं मुकादमानं बजावलंय. तेही ऐकलं आणि मासे कापत राहिले.

तुझा जन्म जहाजावर गेला, तुला यातलं कळतं. काय मागू ते लिही, लांबण लावू नकोस. वहिनीला नमस्कार.

तुझी
तोर्दिस

ट्रॉनहेम,
ता. ५ डिसेंबर १९८६

चि. तोर्दिस हीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. घाईनं घेतलेली दुर्बीण माळ्यावर जाते, म्हणून थोडं ऐकच. नवशिक्यानं बायनॉक्युलर घ्यावा. दोन्ही डोळ्यांनी बघता येतं, आकाशाचा मोठा तुकडा एकदम दिसतो, कृत्तिका सहज सापडतात. सातपट मोठं दाखवणारा पुरे. त्याहून जास्तीचा हातात थरथरतो. खुर्चीत रेलायचं, कोपरं टेकवायची, झालं. छोट्या दुर्बिणीची तिवई तुमच्याकडच्या वाऱ्यात डुलेल, चंद्र शोधण्यात अर्धा तास जाईल, आणि दिसेल ते उलटं, खालचं वर. तुझा धीर किती, ते मला माहीत आहे. केक फुगायच्या आत ओव्हनचं दार उघडणारी तू.

पण एक कळत नाही. आर्नफिनचा बायनॉक्युलर तुझ्या स्वयंपाकघरात खुंटीला आहे ना? तो अगदी याच मापाचा. मग दुसरा कशाला? त्यातूनच तारे बघ. वहिनीनं लोकरीचे मोजे पाठवले आहेत, ते घाल. जप.

तुझा
दादा

स्टोर्वीक,
ता. १७ डिसेंबर १९८६

ती. दादास,

तोर्दिसचा शि. सा. न. मोजे पोचले. पत्रही पोचलं, आणि मी दुर्बीण मागितली. चिडू नकोस.

तो खुंटीवरचा बायनॉक्युलर मी बावीस वर्षं उचलला तो त्याची होडी बघायलाच. आता आकाशाकडे धरला तरी हात आपसूक खाली येतात, खाडीवर. दुसरा आणला असता तरी तेच.

नाताळाची वाट न बघता तेरा तारखेला, लुसियाच्या सणालाच, केशरी बनांबरोबर दुर्बीण हातात आली. रविवारी बाराच्या निळ्या उजेडात मी ती कुठे लावली असेन? खाडीलाच. शेजारच्या एलिंगची होडी आत येत होती. ती पालथी दिसली. तळ वर, आणि पाणी तिच्या डोक्यावर. तू लिहिलं होतंस, तरी त्या क्षणी काही आठवलं नाही. टेबलावर पाव पालथा पडला तर कुणाची तरी होडी उलटेल या भीतीनं आई धावत येऊन सुलटा करायची, त्या घरातल्या आपण. कोट न घालता धक्क्यावर पळाले. एलिंग आरामात दोर बांधत होता. म्हणाला, काय तोर्दिसकाकू, भूत बघितलंस का? त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. इतक्या महिन्यांनी काही वाटलं, तेही असलं.

आता दुर्बीण खाडीकडे वळवायची हिंमत होत नाही. काल सुट्टीत चंद्र शोधला, सध्या तो भरदुपारीही वर असतो. तिवई डुलतेच. सापडला तेव्हा नुसता पांढराफटक. मला त्याचं काहीएक वाटलं नाही. पण भोंगा झाला तेव्हा लक्षात आलं, आज खाडीकडे बघायचं राहिलं. कामावर वेळेत पोचले.

संध्याकाळी आर्नफिनचा बायनॉक्युलर एलिंगच्या बायकोला देऊन आले. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, ठेव गं, तुझा येणारा आहे.

सल्ला मानला नाही म्हणून लोभ कमी करू नकोस.

तुझी
तोर्दिस