चौक्याच्या गाडीचा मागचा ॲक्सल

मी, रत्नाबाई महावीर मगदूम, वय वर्षे बहात्तर, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, माझ्यामागे काय कुणाचं व्हावं ते कुणी न शिकवता, कुणाला न भिता लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझा मुलगा वृषभ याला तसं वाटत नाही, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर, परड्यातल्या आडासह, वृषभचं. आड बुजवायचा नाही.

२. दागिने सूनबाई प्राचीला. बोरमाळ तेवढी नात आदितीची, पण ती मोठी झाल्यावर. आत्ता दिली तर बाहुलीच्या गळ्यात जाईल.

३. पितळी भांडीही प्राचीलाच. तांब्याचा हंडा धाकट्या जाऊबाईंनी लग्नाला म्हणून नेला तो नेलाच. त्यांना लखलाभ.

४. आता गाडी. तिच्यापायीच हा सगळा खटाटोप. ही जुनी छोटी व्हॅन माझ्या यजमानांनी घेतली आणि आत संसार मांडला: झोपायला फळ्या, शेगडी, मोरी. मुनिमहाराज पायी विहाराला निघाले की आम्ही पुढच्या मुक्कामी चौका लावायचो, म्हणजे त्यांच्या आहाराचा सोवळ्यातला स्वयंपाक मांडायचो. महाराजांचा आहार आडाच्या पाण्यात शिजतो, म्हणून पाणी घरचं न्यायचं. टाकी मधी बसवा म्हटलं, तर म्हणे, "माणसं चपला घालून बसत्यात तिथं चौक्याचं पाणी? शोभतंय व्हय?" आणि बसवली पार शेपटाला, मागच्या चाकांच्याही मागं. तेव्हापासून ते सगळं ओझं मागचा ॲक्सल सोसतोय. लोखंडाला सोवळं कळत नाही.

यजमानांमागे गाडी माझ्या नावावर झाली. टाकी अजून तिथंच आहे. वृषभ आता तिला मोटरहोम म्हणतो, आणि येत्या रविवारी प्राची-आदितीला घेऊन गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात जाणार आहे. परवा मी याच गाडीतनं कुंभोजला जाऊन आले. वळणावर शेपूट हेलकावतं, खड्ड्यात खालून कण्हल्यासारखा आवाज येतो. मागचं डावं टायर आतल्या अंगानं झिजून गुळगुळीत झालंय. स्प्रिंगचे पाटे जिथं ॲक्सलवर बसतात, तिथं जुन्या वेल्डिंगलगत गंजाची बारीक रेघ आहे.

वृषभला दाखवली. "आई, पासिंग झालंय की गाडीचं! आन् ती वेल्डिंग अण्णांच्या हातची हाय. तिला कोन हात लावायचा न्हाय." अरे बाबा, बापाची आठवण म्हणून भिंतीवर फोटो आहे, त्याला हार घाल.

गौस शिकलगार आमचे मेकॅनिक, यजमानांचे दोस्त. त्यांना खाली वाकून बघायला लावलं. "वहिनी, नुसता गंज असंल, न्हायतर तडा असंल. खोलल्याबिगार कुनाच्या बापालाबी कळायचं न्हाय." मग खोला की! तर म्हणतात, "वृषभ काय म्हनंल?"

म्हणून हे कलम लिहिलं: गाडी प्राचीची. ॲक्सल उतरवून तपासल्याशिवाय आणि टाकी पुढे घेतल्याशिवाय ती रस्त्यावर काढायची नाही. काढली तर घर वृषभचं नाही. लिहून झाल्यावर वकील यशराज बोरगावे म्हणाले, "आजी, हे तुमच्या पश्चात लागू होनार." रविवार काय माझ्या मरणाची वाट बघत थांबणार आहे? आणि आदितीची झोपायची जागा मागच्या फळीवर, टाकीला टेकून.

५. सबब कलम चारमधली अट रद्द, गाडी प्राचीचीच. खोडत नाही, वाचणाऱ्याला कारण कळावं म्हणून राहू देते. आज सकाळी वृषभ दुकानात गेल्यावर मी गौसभाईंना जॅक लावायला लावला. गाडीची मालकीण मी आहे. ॲक्सल खाली उतरला, उद्या घासून तपासतील. गाडी दारात ठोकळ्यांवर उभी आहे. तडा निघाला नाही तर मी खुळी ठरेन, ठरू दे.

दुपारी वृषभ आला. गाडी बघितली, म्हणाला, "अण्णा एकदा गेलेच होते, आज तू त्यांना दुसऱ्यांदा घालवलंस," आणि न जेवता माडीवर गेला. यापुढे तो माझ्याशी जन्मभर बोलला नाही तरी चालेल. अबोला धरायला तो असू दे.

वाचून, समजून, स्वतःच्या हातानं सही केली.
रत्नाबाई महावीर मगदूम

साक्षीदार, माझ्या देखत सही करणारे:
१. गौस शिकलगार
२. ॲड. यशराज बोरगावे

कोल्हापूर, गुरुवार, दि. १३ फेब्रुवारी २०२५