नाखव्यांच्या घराचे आठ खांब

मी, कमाल इब्राहीम परकार, वय एकाहत्तर, मूळ राहणार बंदर मोहल्ला, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम अल सद्द, दोहा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी रागात आहे हे खरं, पण माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

१. माझे पणजोबा हुसैन नाखवा यांनी गलबतांच्या कमाईतून गावाबाहेर घर बांधलं. परदेशी बंदरातला एक बंगला त्यांच्या डोळ्यांत भरला होता. जांभा आणि चुना, दरवाजा बरोबर मधोमध, दोन्हीकडे तीन-तीन खिडक्या, पुढे आठ गोल खांब, वर त्रिकोणी माथा. वाटणीत पुढचा भाग ओटीसह माझ्याकडे आला, मागचा धाकटा भाऊ जहूर याच्याकडे.

२. आमच्याकडे गल्फवाल्याने सुट्टीत घराला काहीतरी करावंच लागतं, नाहीतर मोहल्ला विचारतो, नोकरी आहे ना? अब्बांनी डाव्या टोकाला न्हाणीघर काढलं आणि घराचा तोल गेला. अम्मीचे गुडघे धरले होते, म्हणून ते माफ. जहूरने कौलं उतरवून स्लॅब ओतला, माथा पाडून तिथे पाण्याची काळी टाकी बसवली. ते माफ नाही. मी ओरडलो तर म्हणतो, "भाईजान, खलास! आता कौलात कोन ऱ्हातंय?" पुढच्या सुट्टीत खिडक्यांना निळी काच लागली. दोन हजार चौदा साली आठ गोल खांबांच्या जागी ग्रॅनाइटचे आठ चौकोनी खांब उभे राहिले. मी अडतीस वर्षं कतारात लोकांच्या जुन्या घरांचा गिलावा होता तसा करून दिला, आणि माझ्याच घराची ही दशा!

३. इथल्या आणि गावाकडच्या बँकेतली शिल्लक पत्नी नूरी, मुलगा अरहान आणि मुलगी रिदा यांना शरियतप्रमाणे मिळावी. घरातला माझा बाकीचा भागही तसाच. अरहानने ओटी काढून काचेची भिंत उभारायला ठेकेदार ठरवून ठेवला आहे. माझे डोळे मिटायची तो वाट बघतोय. शरम वाटली पाहिजे.

४. मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मला वारसांबाहेर मनाजोगं देता येतं. ओटी त्यात बसते. ती अरहानची मुलगी शफा हिला देत आहे. बाप हयात असताना नात वारस धरली जात नाही, त्यामुळे तिला देण्यास हरकत नाही, हे मौलवींना विचारून घेतलं आहे. शफा इथे आर्किटेक्चर शिकते. गेल्या सुट्टीत तिने ग्रॅनाइटवर टिचकी मारली आणि मला, आजोबाला, हाक मारली, "दादा, देअर इज समथिंग इनसाइड!" एक फरशी काढली. आत पणजोबांचा खांब, चुन्याची पांढरी पाठ शाबूत. मी, म्हातारा माणूस, तिथेच खाली बसून रडलो.

ओटीला काच, टाइल, फॉल्स सीलिंग यांतलं काहीही लावू नये.

५. माझ्या करण्या, थाप्या आणि चुन्याचं घमेलं गावातला गवंडी रहमान याला द्यावं. खांब पाडायचा हुकूम त्यालाच दिला होता. त्याने तो न पाळता नुसतं वरून ग्रॅनाइट चढवलं आणि तोंड बंद ठेवलं. परवा फोनवर विचारलं तर म्हणाला, "नाखवांच्या खांबाना मी हात नाय लावनार, चाचा. तुमी रागात होतात." शफाने ग्रॅनाइट त्याच्याच हातून उतरवून घ्यावं.

६. मृत्युपत्रात लोक आपली आधीची मृत्युपत्रं रद्द करतात. मी आधी एकही केलेलं नाही. मात्र ९ मार्च २०१४ रोजी, दुसऱ्याच्या जुन्या भिंतीला दिवसभर जपून चुना लावून परतताना, अल गराफातल्या एका नव्या व्हिलाचा फोटो काढून मी रागाच्या भरात जहूरला लिहिलं होतं, "आपले खांब पाडा. असं फ्रंट करा." त्याने दोनदा विचारलं, "नक्की, भाईजान?" मी लिहिलं, "यल्ला, उरका." नंतर अकरा वर्षं मी दोष त्याच्याच माथी मारला.

तो निरोप मी आज रद्द करत आहे.

सही: कमाल इब्राहीम परकार

साक्षीदार: आमच्या डोळ्यांदेखत सही झाली.
१. रियाज दाऊद मुकादम
२. अश्फाक युसूफ सारंग

अल सद्द, दोहा
१७ ऑक्टोबर २०२५