कणगीतल्या बाटल्या

मामा, आज खिडकीशी तीन ग्लास मांडले आणि तुम्हाला पत्र लिहावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आई आता तुमची आठवण काढताना रडत नाही, हसते. "माझा भाऊ जगभर हिंडला आणि आणलं काय, तर बाटल्या," म्हणते. खरंच आहे ते. तुम्ही बोटीवर आचारी होतात. सुट्टीवर येताना बाकीचे टेपरेकॉर्डर आणायचे, घड्याळं आणायचे. तुम्ही तांबडी वाइन आणायचात, आणि तीही प्यायला नाही, नुसती मुरत ठेवायला. कोल्हापूरचा उन्हाळा तिला सोसणार नाही म्हणून चंदगडच्या घरी, भाताच्या सारवलेल्या कणगीत त्या बाटल्या आडव्या पुरलेल्या असायच्या. मामी तिथं गेली आणि भात काढताना तिच्या हाताला काच लागली, की तुमचा उद्धार ठरलेला.

माझं कॉलेज नुकतंच संपलेलं आणि मला वाइनचं वेड लागलेलं. तेही पुस्तकं वाचून. प्रत्यक्षात चाखलेल्या बाटल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मुलीनं ग्लास हातात धरला म्हणून बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तुम्ही त्यांना काही समजावायला गेला नाहीत. एसटीनं चंदगडला गेलात आणि वाकळेत गुंडाळलेल्या तीन बाटल्या मांडीवर घेऊन परत आलात. एकाच मळ्यातली वाइन, वर्षं मात्र वेगळी. सगळ्यात जुनी माझ्या जन्माच्या वर्षाची. "एसटीनं पार घुसळून काढल्यात," म्हणालात, "गाळ खाली बसूस्तवर गप उभ्या ऱ्हाऊ देत." तुमच्या कोल्हापूरच्या घरातली सगळ्यात गार फरशी देव्हाऱ्याखालची, म्हणून तिथं ठेवल्यात. मामीनं त्यांच्यावर टॉवेल टाकला, देवाला दिसू नयेत म्हणून.

रविवारी तुम्ही मला बोलावलंत, आणि मग आपण अशी चूक केली जी कोल्हापुरातच होऊ शकते. भाची घरी आलेली, त्यात रविवार, म्हणजे मटण आलंच. मामीनं तांबडा रस्सा वाढला आणि आपण दोघांनी वाट्यांवर वाट्या ओरपल्या. मग नाक पुसत वाइन चाखायला बसलो. ओतताना बाटलीच्या मानेमागं उजेड हवा, गाळ येतोय का ते दिसायला. तुम्ही समई मागितलीत. "देवाची समई दारूला?" मामी कडाडली. "लोडशेडिंगची मेणबत्ती घ्या." तुम्ही मुकाट्यानं मेणबत्ती घेतलीत. मी घोट घेतला. तिन्ही ग्लासांत नुसती जळजळ. पण मी वाचून आलेली होते ना, डोळे मिटून सुरू झाले: देवदार, रानातल्या काळ्या बेरी, ओली माती.

"देवदार बघितलाईस व्हय कधी?" तुम्ही इतक्या जोरात विचारलंत की मामी बाहेर आली.

"नाही."

"मग? जिभंला लागलाय कांदा-लसूण मसाला आन बोलतीयास देवदार! लागलं न्हाय तर न्हाय म्हण की. आन लागलं तर आपल्या घरातलं नाव दे." मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतलात. "जग पालथं घातलं, पर रस्सा वरपून असली बाटली फोडणारा गाढव मीच!"

तुम्ही ग्लासांवर ताटल्या झाकल्यात, दुधावर झाकतात तशा, आणि आपण जिभा शांत व्हायची वाट बघत बसलो. पाणी, कोरडी भाकरी, पुन्हा पाणी. माझा जीव टांगणीला. इतकी वर्षं बंद असलेली वाइन एकदा उघडली की फार थांबत नाही, एवढं मला ठाऊक होतं, आणि माझ्या जन्माची बाटली पुन्हा मिळणार नव्हती.

उन्हं कलल्यावर तुम्ही ताटल्या काढल्यात. पांढऱ्या उपरण्यावर ग्लास तिरपे धरलेत. कोवळी वाइन गर्द जांभळी, मधली डाळिंबासारखी, आणि जुनीच्या कडेला विटकरी रंग उतरलेला. कोवळी अजून तोंडात भांडत होती, दातांना आवळत होती. मधलीचा राग निवलेला. मग जुनीचा घोट घेतला. मामा, त्या क्षणाचं मला अजून नवल वाटतं. माझ्याच वयाचं काहीतरी माझ्या जिभेवर होतं. मी रांगत होते, शाळेत जात होते, बाबांशी भांडत होते, तेवढा सगळा काळ ते अंधारात, भाताच्या कुशीत, कुणी बघत नसताना बदलत राहिलं होतं. जगात असं काही होत असतं आणि ते आपल्याला चाखता येतं, याच्यापुढं मी पार लहान झाले. "वाळलेलं जांभूळ," मी हळूच म्हटलं. "आमसूल. पावसाळा संपल्यावर उघडलेली कपड्यांची ट्रंक." तुम्ही मान डोलावलीत. मग म्हणालात, "निघाली ती आता. हाय तवर बघून घे." थोड्याच वेळात ग्लासातला वास खरोखरच विरून गेला.

पुढं तुमच्या गळ्याचं दुखणं आलं. ऑपरेशननंतर आवाज गेला, घोटभर पाणीही गिळता येईना, जेवण नळीतून. कणगीत एकच बाटली उरली होती, ती तुम्ही मामीकरवी मागवलीत. मेणबत्ती मामीनं न सांगता आणली. तुम्ही माझ्या तोंडाकडं बोट केलंत आणि मग स्वतःच्या कानाकडं. तुमच्या वाट्याची शेवटची वाइन माझ्या जिभेवर होती आणि तुमच्यापर्यंत ती फक्त माझ्या शब्दांतून पोचणार होती. मी प्रत्येक घोटाला घरातलीच नावं दिली. जांभूळ. तंबाखूची डबी. उन्हात तापलेली वाकळ. मग, का कोण जाणे, "भाताची कणगी" म्हटलं, आणि तुम्ही डोळे मिटलेत आणि तुमचा कंठ वर जाऊन खाली आला. "अगं बाई," मामी म्हणाली, "गिळलं त्यांनी."

आता वाइन चाखणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि बाबा चारचौघांत ते कौतुकानं सांगतात. चाखायच्या आधी मी रस्सा खात नाही, हे नव्या मुलांना आवर्जून सांगते, ती हसतात. घोट तोंडात फिरवून झाला की प्रत्येक चव मी मोठ्यानं बोलते आणि मग थोडा वेळ गप्प राहते. सगळ्यांना वाटतं ही माझी पद्धत आहे. पत्र पाठवायचं नाहीच, म्हणून तुम्हाला तेवढं सांगून टाकते. पद्धत-बिद्धत काही नाही मामा. समोर बसलेल्या माणसाच्या गळ्याकडं माझं लक्ष असतं.