बाबांच्या क्यूचा लिलाव

प्रिय माल्कम,

हातात असेल ते खाली ठेव आणि आधी हे वाच. आपल्या बाबांचा स्नूकरचा क्यू गेला! काल रविवारी भर दुपारी. ओव्हनमध्ये मटण करपत होतं, माझा नवरोबा ट्रेव्हर खुर्चीमागे उभा राहून मानेवर श्वास टाकत होता, आणि कॉम्प्युटरवर लिलावाचा आकडा असा उड्या मारत होता की मी किंचाळलेच. शेजारची लोरेन कुंपणावरून ओरडली, 'हेझल, पडलीस की काय गं?' मी म्हटलं, अगं पडतेय कसली, चढतेय! तू माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीस, नाताळला तेवढं कार्ड टाकतोस, तेही खाली नुसती सही करून. पण हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवेना, म्हणून पहिल्यापासून सांगते.

ट्रेव्हरचे हात थरथरायला लागले त्याला आता दोन वर्षं होतील. कप बशीवर वाजतो, त्याचं काही नाही. पण क्लबात एकदा साधा समोरचा लाल चेंडू भोकात जाईना, तेव्हा त्याने क्यू डब्यात ठेवला, घरी आला आणि म्हणाला, 'विकून टाकू सगळे. भिंतीवरून माझ्याकडे बघत बसतात मेले.' जन्मभर जमवलेले जुने क्यू, माल्कम! बंद पडलेल्या क्लबांच्या अडगळीतून, मेलेल्या माणसांच्या सामानातून, कुठून कुठून शोधून आणलेले. मी हो म्हटलं, पण मनात आलं, हे संपले की हा माणूस सकाळी उठणार कशासाठी? आणि सगळ्यांत शेवटी बाबांचा क्यू. तो कुणाच्या हातात पडणार?

इंटरनेटवरच्या लिलावाच्या साइटवर विकणं मला सोपं वाटलं होतं. फोटो काढायचा, किंमत लिहायची, झालं. कसलं काय! मी अख्खी नोकरी पोस्टाच्या खिडकीत काढली, लोकांची पार्सलं मापून 'दोन बोटं जास्त आहे, घेता येणार नाही' असं तोंडावर सांगितलं. आता तेच माझ्या वाट्याला आलं. अखंड क्यू मापात कसाबसा बसतो, पण पाइपात घालून दोन्हीकडे झाकणं लावली की बसत नाही. म्हणजे कुरिअर, म्हणजे दुप्पट खर्च. आणि पाइप कसला, तर छपराच्या पन्हाळीचा. त्याच्याइतका दणकट दुसरा नाही. आत क्यू हलू नये म्हणून ट्रेव्हरचे जुने मोजे कोंबायचे. हार्डवेअरवाला परवा म्हणाला, 'बाई, एवढं गळतंय तर छप्परच बदला की!' वर साइटवाले दर शंभरातले बारा-तेरा पाउंड आपल्या खिशात घालतात. एका क्यूवर कारागिराच्या नावाची पट्टी हस्तिदंती होती, तर जाहिरातच उतरवली. आता कायदाच आहे तसा. ट्रेव्हर टेबलावर मूठ आपटून म्हणतो, 'अरे, तो हत्ती मेला तेव्हा माझा आजा पाळण्यात होता!' पण ऐकतो कोण? तिकडे माणूसच नसतो, नुसती ठरावीक उत्तरं येतात.

गिऱ्हाइकं तर एकेक नग. एकाला क्यू काचेवर लाटून दाखवलेला व्हिडिओ हवा होता, जरासुद्धा हेलकावा चालणार नाही म्हणे. ट्रेव्हर म्हणाला, 'सत्तर वर्षांच्या लाकडाने सरळ राहायचं? मी बहात्तरचा आहे, मला लाटून बघ म्हणावं!' बेल्जियमच्या एकाने जकात भरावी लागते म्हणून पार्सल घेतलंच नाही. ते महिनाभर हिंडून परत आलं, जायचेही पैसे आमचे आणि यायचेही. आणि लीड्सच्या एका भामट्याने तर कहरच केला. क्यू वाकडा निघाला म्हणून परत पाठवला. पाइप आमचा, मोजे आमचे, आतला क्यू भलताच! कुठल्यातरी पबमधला, बुडाला च्युइंगगम चिकटलेला. साइटने निकाल त्याच्याच बाजूने दिला. मी रडकुंडीला आले, आणि हा पठ्ठ्या च्युइंगगम खरवडता खरवडता हसत सुटला. पोट धरून हसला, माल्कम, हात थरथरायला लागल्यापासून पहिल्यांदा. ही कटकटच त्याला जगवतेय हे मला तेव्हा कळलं.

आणि मग आला 'निळाखडू'. साइटवर खरं नाव कुणी लावत नाही, ह्याने क्यूच्या टोकाला घासतात त्या खडूचं लावलेलं. घासाघीस नाही, व्हिडिओ नाही. क्यू आवडला की पैसे लगेच, माल हल शहरातल्या एका गॅरेजवर पाठवायचा, आणि पोचल्यावर तीनच शब्द: 'पोचला. झकास. आभार.' ट्रेव्हर म्हणाला, 'हा खेळणारा गडी आहे. भिंतीवर टांगणारा एवढं कमी बोलत नाही.' मग ट्रेव्हर मला लिहायला लावायचा, त्याला सांग, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा कर, पॉलिश लावलंस तर याद राख. खडूचं उलट उत्तर, 'पॉलिश लावायला मी काय कपाटं विकतो?' झालं, स्वारी खूश! सकाळी दात घासायच्या आधी विचारणार, 'खडूचं काही आलं का गं?' एकदा ट्रेव्हरने लिहायला सांगितलं, हात थरथरतात म्हणून विकतोय. हे तो मलाही कधी धड बोललेला नाही. आठवडाभर खडूचा पत्ता नाही. मग एकदम दोन क्यू घेतले आणि एवढंच लिहिलं, 'सांभाळतो.' ट्रेव्हरने ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

होता होता बाबांचाच तेवढा राहिला. बाबांनी जाताना तो ट्रेव्हरच्या हातात दिला, कारण तू तेव्हा जहाजावर होतास. तू कधी मागितला नाहीस, त्याने कधी देऊ केला नाही. आणि मग क्लबातली तुम्हा दोघांची ती फायनल. टेबलावर गुलाबी आणि काळा, दोनच रंग उरलेले. तू गुलाबीसाठी वाकलास आणि ट्रेव्हर म्हणाला, 'तुझी बाही काळ्याला लागली.' आपल्या खेळात चेंडूला बाही लागली तरी फाउल, आणि तो ज्याचा त्याने कबूल करायचा. दुसऱ्याने बोट दाखवलं म्हणजे माणसाला चारचौघांत लबाड म्हटल्यासारखंच. तू क्यू टेबलावर आडवा टाकलास, कोट घेतलास आणि निघून गेलास. बाही लागली की नाही ते त्या काळ्या चेंडूलाच ठाऊक, पण अकरा वर्षं झाली, माझा भाऊ माझ्या उंबऱ्यात आला नाही. मी ट्रेव्हरला म्हटलं, हा तरी माल्कमला देऊन टाकू. तर म्हणतो, 'हवा असेल तर तोंड आहे ना त्याला?' दोघंही एकाच माळेचे मणी. मी रागारागाने क्यू लिलावात लावला.

आणि तिथेच माझं चुकलं असं वाटायला लागलं. मँचेस्टरच्या कुणा हॉटेल सजवणाऱ्याने सगळ्यांत मोठी बोली लावली आणि वर विचारलं, 'तीन तुकड्यांत कापून द्याल का? कोट टांगायच्या खुंट्या करायच्यात.' ट्रेव्हरचा चेहरा पांढराफटक पडला. शेवटच्या दिवशी लागलेली बोली विकणाऱ्याला नाकारता येत नाही म्हणे. मग खडू उतरला! तो दहा वाढवायचा, मँचेस्टरवाला वीस. खडू पन्नास, तो शंभर. ट्रेव्हर ओरडतोय, 'हाण, खडू, हाण!' जसा काही तो पलीकडे ऐकतोय. आकडा मी इथे लिहीत नाही, तुला आकडी येईल. शेवटच्या क्षणी मँचेस्टरवाला थंड पडला आणि आमचा खडू जिंकला! ट्रेव्हरने मला उचलायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही, पण आम्ही स्वयंपाकघरात वेड्यासारखे नाचलो. मटण गेलं ते गेलंच, टोस्टवर राजमा घालून खाल्ला.

मग क्यू पाइपात घातला आणि चिकटवायला पत्ता काढला. या वेळी हलचं गॅरेज नव्हतं. ब्रिडलिंग्टन, पिंडरबाईंचं फिश-अँड-चिप्सचं दुकान, वरचा मजला. अरे शहाण्या! घाईत गॅरेज सोडून स्वतःच्याच पत्त्यावर बोट पडलं ना? तुझं जन्माचं असंच, लाल झोकात घालवायचा आणि मागोमाग पांढराही भोकात, की झाला फाउल! मी तुझ्या वाढदिवसाची कार्डं त्याच पत्त्यावर पाठवते रे. मी हसू की रडू मला कळेना. कागद लपवायला गेले, पण ट्रेव्हरने हातातून ओढून घेतला. वाचला. परत वाचला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतो. तर त्याने पाइपाचं झाकण काढलं, मोजे एकेक बाहेर ओढले, क्यू बाहेर घेतला आणि म्हणाला, 'कुरिअर बोलवू नको. हा पाइपातून जायचा नाही. हा मी त्याच्या हातात देणार.' म्हणून आज मी विक्री रद्द केली. साइटने कारण विचारलं, यादीत बसणारं एकही नव्हतं, शेवटी 'पत्त्यात गडबड' यावर खूण केली. तुझे पैसे तुला परत येतील. आणि हे पत्र एवढ्यासाठीच आहे, की येत्या रविवारी तू यायचंस. बाहीचा विषय कुणीही काढणार नाही, काढला तर माझ्याशी गाठ आहे. फक्त एक ऐक, माल्कम. तो क्यू पुढे करेल तेव्हा त्याचा हात हलेल, फार हलेल. तू मान वळवू नकोस आणि मदतीला धावूही नकोस. त्याचा हात तुझ्यापर्यंत पोचेपर्यंत थांब.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझीच ताई,
हेझल