ढवळ्याची घुंगुरमाळ

मार्गशीर्ष वद्य ५, सोमवार

चार रात्री झाल्या, पोरीला झोप न्हाई. ढवळ्या बैल नेकनूरच्या बाजारात विकला, तेव्हा रीतीप्रमाणं दावं तेवढं ठेवून घेतलं. घुंगुरमाळ त्याच्याच गळ्यात गेली. पाळणा गोठ्याला लागून, पोरगी त्या माळेच्याच आवाजावर झोपायची. कशाला दिली मी ती?

आज नव्या मालकाकडून माळ मागून आणली. हातानं वाजवली, तर पोरगी टकामका माळेकडंच बघती. बायको वैतागली. "आवो, बैल काय हातानं वाजीवतो का? गळ्यात बांधा अन् मान हलवा."

बांधली. पोरगी झोपली. मग बायकोही झोपली.

मान थांबली की पोरगी किरकिरती, म्हणून हे लिहितानाही हलवतोच हाय. ढवळ्या झोपायचा तरी कधी?